माझ्या फोटोला हार

“कोण गेलं?” मी विचारलं.

नवरा खाटेशी उभा होता. डोकं भादरलेलं, मिशी काढलेली. लग्नापासून मी त्याला बिनमिशीचा कधी पाहिला नव्हता. घरातलं कोणीतरी गेलंय एवढं मला कळलं. सासू म्हातारी होती, मला वाटलं तीच. माझ्या तोंडावरची पट्टी त्या सकाळीच सैल केली होती आणि आवाज घशातून खरवडून काढावा लागत होता.

मग त्याने खाटेची दांडी धरली आणि काहीतरी म्हणाला. माझे दोन्ही कान बसले होते. ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले.

“तू.”

पायथ्याशी माझा धाकटा दीर बसला होता. त्याच्या हातात खोबरेल तेलाची बाटली होती. इतके दिवस कोणीतरी माझ्या पायांना तेल चोळतंय हे मला गुंगीतही कळत होतं. मला वाटायचं नर्स असेल. मुंबईच्या नर्सा मायाळू दिसतात, असं मी मनात म्हणायचे. दिराचे हात माझ्या घोट्यावर थांबले. त्याने बाटलीला बूच लावलं, ती खाटेखाली ठेवली आणि तो वॉर्डातून चालत बाहेर गेला.

त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, मी समजून जाळून झालं होतं. आणि मला ती समजून जगवत होते.

हे कसं झालं ते लोक मला अजून विचारतात. म्हणून एकदा लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं पुरेल.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या कपड्यांचा बस्ता बांधायला आम्ही दोघी जावा मुंबईला निघालो. रेवसहून लाँच, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून कापडबाजार. आमच्या कोळ्यांत हळदीला घरातल्या सगळ्या बायका एकसारखी साडी नेसतात. सगळा मांडव एका रंगाचा दिसला पाहिजे, नाहीतर माणसं नावं ठेवतात. त्याच्या आदल्या वर्षी चुलत पुतण्याच्या हळदीला आम्ही जांभळ्या साड्या घेतल्या होत्या, पिवळ्या काठाच्या. त्याच नेसून आम्ही निघालो, कारण नवा रंग निवडताना दुकानदाराला जुना दाखवायचा होता. सोनं घरी ठेवलं. बाजारात गळा कापतात असं सासू म्हणायची, म्हणून मुंबईला जाताना खोटे मणी घालायचे, तेही दोघींचे एकाच जत्रेतले. उंचीला सारख्या, रंगाला सारख्या. लांबून आमचे नवरेसुद्धा चुकायचे.

जवळून कोणी चुकलं नसतं. माझी जाऊ भांडकुदळ बाई होती. आता तिला हसतमुख आणि प्रेमळ म्हणतात. मी तिच्याबरोबर एका अंगणात संसार केला, मला विचारा. बोंबील वाळत घालायच्या काठ्या ती दरवर्षी वीतभर माझ्या बाजूला सरकवायची. गिऱ्हाईकाला वजनात मारायची. कालवं काढायला मात्र तिच्यासारखी बाई गावात नव्हती. ओहोटी लागली की खडकांवर जायची ती पाणी चढेपर्यंत. आणि घेतलेली वस्तू परत देणं तिला माहीतच नव्हतं. माझी विळी, माझी परात, माझी पावसाळी चप्पल, सगळं तिच्या घरात.

त्या दिवशी आमचं भांडण चालू होतं. काठ्यांवरूनच. लाँचमध्ये दोघी पाठ करून बसलो. बाजारात पोचल्यावर तिला मिसरी लावायची हुक्की आली, आणि स्वतःची डबी घरी विसरलेली.

“दे गो बाय जरा,” ती म्हणाली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

मी डबी दिली. तिने मिसरी दातांना लावली आणि डबी आपल्या कमरेला खोचली. मी दुकानाच्या पायरीवर चढले, ती थुंकायला गटाराकडे वळली. तिच्या बाजूलाच ते ठेवलेलं होतं. कोणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, याची चर्चा मी पुढे टीव्हीवर फार ऐकली. मला एवढंच ठाऊक आहे की ते फुटलं तेव्हा कापडाच्या गठ्ठ्यांनी मला झाकलं आणि तिला झाकायला काही नव्हतं.

तिच्या देहात ओळखण्यासारखं फार उरलं नव्हतं. जांभळं कापड होतं, मणी होते, आणि माझी मिसरीची डबी होती. त्या डबीच्या झाकणाला पोचा होता, माझ्या नवऱ्यानेच पाडलेला. त्याने तो पोचा बघितला आणि सही केली. दुसऱ्या हॉस्पिटलात दिराला दाखवलं ते पट्ट्यांचं गाठोडं, जांभळ्या साडीचं. तो म्हणाला, ही माझी बायको.

तुम्ही म्हणाल, मग घरचं कोणी बघायला आलं नाही का? आमच्याकडे अग्नी देणारा माणूस दहा दिवस गाव सोडत नाही, आणि आला असता तरी थोरला दीर धाकट्या भावजयीच्या तोंडाकडे निरखून बघत नाही. सासू सुतकात. मुलं माझ्यासाठी रडण्यात. जावेला मूलबाळ नव्हतं, माहेरीही कोणी उरलं नव्हतं. खाटेशी एक दीर, बस्स.

माझा दहावा मात्र थाटात झाला म्हणतात. पिंड ठेवला तो कावळ्याने लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. बाई सुखात गेली, हिची काही इच्छा मागे राहिली नाही, असं बोलले. मी तेव्हा मुंबईत घोटभर पाण्यासाठी तळमळत होते. कावळ्याला भूक लागली होती, आणखी काय.

घरी आले तर भटजींनी अट घातली, जिचा पिंड दिलाय तिने पुढच्या दाराने आत यायचं नाही. मी मागच्या दाराने, चुलीपाशी गेले. सासूने माझ्या साड्या वाटून टाकल्या होत्या. शेजारीण माझी साडी नेसून मला बघायला आली आणि रडली. मी तिला म्हटलं, साडी राहू दे, पण रडू नकोस, ओली होईल.

तेवढंच हसले. पुढे हसण्यासारखं फार नव्हतं. मुलीचं लग्न पुढे ढकललं आणि शेवटी हळदीला बाजा न वाजवता झालं. एकसारख्या साड्या कोणी घेतल्या नाहीत.

जावेचं काही झालं नाही. म्हणजे तिचं कार्य. तिला जाळलं ते माझ्या नावाने, पिंड दिला तो माझ्या नावाने. मोठ्या माणसांनी दिराला सांगितलं, आता तिच्या नावाने सगळं नव्याने करू. तो नको म्हणाला. डोकं भादरलं नाही, दिवस घातले नाहीत. एका भिंतीपलीकडे राहिला, होडीवर जात राहिला, आपलं आपण शिजवून खाल्लं. मी मुलाच्या हाती कालवण पाठवायचे, तो ताटली घासून परत पाठवायचा. माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी समोरून आले की समुद्राकडे बघायचा. मला वाटायचं, याच्या बायकोच्या जागी मी जिवंत निघाले हा राग. मी म्हटलं, असू दे राग. मी काही मुद्दाम जगले नाही.

श्रद्धांजलीचा प्रकार त्यानंतर सुरू झाला. आधी एक पुढारी यायचा. मग रस्ता चांगला झाला, काशीदपर्यंत येणारे पर्यटक आमच्या किनाऱ्यावरही येऊ लागले आणि कॉटेजवाल्यांनी ते काम हातात घेतलं. आता दरवर्षी त्या दिवशी संध्याकाळी वाळूत मेणबत्त्या लावतात. मोबाईल वर धरतात. भाषण असतं. हे बाहेरून आलेले लोक आमच्या दुःखात सहभागी असतात, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बायका मासळी पसरायला गेलो की वाळूतलं मेण आमच्या तळपायांना चिकटतं. त्यातल्या एका बाईने एकदा मला विचारलं, तुम्हाला त्या घटनेबद्दल काही माहिती आहे का. मी म्हटलं, थोडीफार. तिने लगेच घोडागाडी कुठे मिळते ते विचारलं.

ते सामान समुद्रावरून आलं असं ठरलं, म्हणून त्या हल्ल्यानंतर आमच्या होड्यांना नंबर आले, माणसांना कार्डं आली. समुद्रावरून येणारा प्रत्येक माणूस आधी संशयाचा. माझ्या दिराला एकदा स्वतःच्याच धक्क्यावर उभं करून कार्ड मागितलं. तो सांगू शकला असता की माझी बायको त्यात गेली. त्याऐवजी घरी येऊन कार्ड आणून दाखवलं.

पहिल्या वर्षी फ्लेक्स लागला तेव्हा मी बघायला गेले. आमच्या आजूबाजूच्या गावांतले जे त्या बाजारात मेले त्यांचे चेहरे होते. जावेच्या नावावर माझा चेहरा होता. वर हार.

पुतण्याच्या हळदीचा फोटो होता तो. जावेने आयुष्यात धड फोटो काढून घेतला नाही. त्या एका फोटोत ती माझ्या मागे उभी आहे, माझ्या खांद्याआड, अर्धं तोंड तेवढं दिसतं. फ्लेक्सवाल्याला सांगितलं असेल, जांभळ्या साडीची बाई. त्याने पुढची कापून घेतली.

मी बोलले. तेव्हाचे सरपंच हसले. म्हणाले, काकी, आता छापून झालाय, आणि तुम्ही तर जित्याजागत्या समोर आहात, तुमचं आयुष्य वाढलं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच फोटो. त्याच्या पुढच्या वर्षीही. आता त्यांच्याकडे तो कॉम्प्युटरमध्ये आहे, दरवर्षी आपोआप निघतो. मी किती भांडले ते गावाला माहीत आहे. उत्तर एकच यायचं, तिच्या घरवाल्याची काही तक्रार नाही, मग तुमचं काय? आणि तिचा घरवाला तिथेच होडीला टेकून उभा असायचा, माझ्या फोटोला हार पडताना बघत.

नवरा असेपर्यंत मी त्याला म्हणायचे, भावाला सांग. तो म्हणायचा, त्याला नको डिवचू. मग नवराही गेला, साध्या तापाने. त्याचा फ्लेक्स लागला नाही. बरं झालं.

या वर्षी सरपंच गावातली एक तरुण सून आहे. शिकलेली, कामाची. तिने ठरवलं, दरवर्षी फ्लेक्स कशाला, किनाऱ्यावर कायमचा दगड बसवू. काळा ग्रॅनाईट, त्यावर चेहरे. आजकाल मशीनवर हुबेहूब कोरतात म्हणे. तिने मला घरी येऊन प्रेमाने सांगितलं. मी विचारलं, फोटो कोणते? ती म्हणाली, तेच, फ्लेक्सवरचे.

तिला मी तेव्हा काही बोलले नाही. पोर नवी लग्न होऊन आलेली, तिला काय माहीत. पण फ्लेक्स पावसात फाटतो, वाऱ्यात उडतो. दगड तसा नाही. मी मेल्यावर तिथे माझं तोंड राहील आणि त्याखाली तिचं नाव. माझी नातवंडं म्हणतील, ही आमची चुलत आजी. आणि ती, जी खरंच फुटून मेली, ती कुठेच नाही. तिचा दहावा माझ्या नावावर, तिची राख माझ्या नावावर. आता तिचा दगडसुद्धा माझाच.

दोन दिवसांनी सरपंचबाईला मी फोटोचं खरं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आजी, लगेच बदलू, पण काकांनी येऊन एकदा सांगायला हवं, त्यांची बायको आहे, उद्या वाद नको. दगडवाला अलिबागहून दुसऱ्याच दिवशी सकाळी मापं घ्यायला येणार होता.

मी दिराच्या अंगणात गेले. दुपार होती. तो जाळं तुणत बसला होता. म्हातारा झालाय, सुई डोळ्यांजवळ धरतो. मी त्याच्या समोर बसले, म्हणजे समुद्राकडे बघायचं तर त्याला माझ्याकडेच बघावं लागलं.

दगडाचं सांगितलं. त्याने मान हलवली. मी म्हटलं, उद्या चल आणि सांग, ही माझी बायको नाही. तो तुणतच राहिला. मी म्हटलं, तुझा माझ्यावर राग असेल तर तो माझ्यावर ठेव, तिच्यावर कशाला काढतोस.

“राग कसला, वयनी,” तो म्हणाला. इतक्या वर्षांनी त्याने मला हाक मारली होती. “मना पयल्याच दिशी कळलेलं.”

मला वाटलं माझ्या कानाचा दोष. एक कान अजून ऐकत नाही. मी चांगला कान पुढे केला.

त्याने सुई खाली ठेवली आणि सांगितलं. हॉस्पिटलात पहिल्या संध्याकाळी नर्सने त्याला सांगितलं, पाय थंड पडलेत, चोळा. त्याने चादर वर केली. त्याच्या बायकोचे तळपाय कालवांच्या शिंपल्यांनी कापून कापून जाळीसारखे झाले होते. तो घरी रोज त्यांना तेल लावायचा, मला ते माहीत नव्हतं. माझे पाय बाजारात बसणाऱ्या बाईचे, साफ. तेवढ्यात त्याला कळलं.

“तवर गावात अग्नी दिलेला व्हता,” तो म्हणाला. “जळायची ती जळली. कोनाची म्हनून जळली ते मी कशाला सांगू? सांगितला असता तर ती मेली असती.”

“म्हणून तू माझे पाय चोळत बसलास?”

“व्हय.”

“माझ्या पोरीला आई मेली म्हणून रडवलंस. माझ्या नवऱ्याला भादरायला लावलंस. माझ्या सासूला माझ्या साड्या वाटू दिल्यास.”

“व्हय.”

त्याने एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही ती त्याचं वय बघून नाही, मध्ये जाळं होतं, हात पोचला नाही म्हणून. माझी मुलगी त्या दिवसांत जेवत नव्हती. आजही मी जरा झोपले तर ती येऊन माझा श्वास बघते, दोन मुलांची आई झाली तरी. ते सगळं हा माणूस एका शब्दाने थांबवू शकला असता. आणि मी इतकी वर्षं याचा राग सहन करत होते, कालवण पाठवत होते.

आणि त्या फ्लेक्सचंही तेच. माझ्या तोंडाला हार पडतोय तोवर त्याच्या बायकोच्या तोंडाला पडत नाही. त्याने हे बोलून दाखवलं नाही. बोलायची गरज नव्हती.

मी उठले. माफ केलं असं मी म्हटलं नाही आणि केलेलंही नाही. पण दगडाचं काम राहिलं होतं. मी म्हटलं, “तुझ्या बायकोने घेतलेली वस्तू कधी परत दिली का मला? विळी नाही, परात नाही, ती मिसरीची डबी नाही. आता माझं तोंडपण घेऊन बसली आहे. तेवढं मला परत पाहिजे.”

तो हसला. तोंडात दात कमी, त्यामुळे हवाच निघाली. मग तो जाळ्यात तोंड घालून तसाच बसून राहिला, आणि मी माझ्या घरी आले. मागे वळून बघितलं नाही. मला भात टाकायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडवाला टेप घेऊन आला. सरपंचबाई होती, कॉटेजवाले दोघे होते. मी गेले. दीर आधीच येऊन उभा होता, धुतलेला सदरा घालून. कोणी काही विचारायच्या आत त्याने माझ्याकडे बोट केलं.

“ही माझी वयनी. ही जित्ती हाय,” तो म्हणाला. “माझी बायको मेली.”

हे वाक्य त्याने त्याआधी कधी म्हटलेलं नव्हतं. म्हणून झाल्यावर तो खाली वाळूतच बसला. सरपंचबाईने पाणी आणायला पाठवलं.

फोटोवरून पुन्हा घोळ झाला. दगडवाला म्हणाला, अर्ध्या तोंडावरून पूर्ण चेहरा कसा करू, अंदाजाने उरलेला भरू का? कॉटेजवाल्यांना ते पटलं, सगळे चेहरे सारखे दिसले पाहिजेत म्हणाले. दिराने नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, जेवढी दिसते तेवढीच कोर. अंदाजाची बाय मना नको.

दगड बसला. इतरांचे चेहरे पूर्ण आहेत, छान आलेत. तिचा अर्धा आहे, एक डोळा आणि गालाचा तुकडा, रागावल्यासारखा. लोक तिथे उभे राहून दगड फुटला का विचारतात. दीर त्याच आठवड्यात नाभिकाकडे जाऊन डोकं भादरून आला. कोणी गेलं का, असं गावातल्यांनी विचारलं तर म्हणाला, बायको.

तिच्या तोंडाच्या पुढे दगडावर एक खांदा आहे, पिवळ्या काठाच्या साडीचा. तो माझा. बस्त्याला आम्ही दोघी गेलो होतो. मी वाचले.